न पाहिलेल्या बारा व्हॉल्व्हवरची सही

पत्र थोडक्यात असं : मुलगी २३ वर्षांची, सांगली जिल्ह्यातली, मेकॅनिकल इंजिनियर. नौदलाच्या जहाजांच्या रिफिटची, म्हणजे मोठ्या दुरुस्तीची कामं घेणाऱ्या मुंबईतल्या एका खासगी कंपनीत आठ महिन्यांपूर्वी ग्रॅज्युएट इंजिनियर ट्रेनी म्हणून लागली. मानखुर्दला तिघींत एक खोली, हातात २१ हजार. ती लिहिते, ‘जहाजावर काम करायला आले आणि कंटेनरमधल्या ऑफिसात बसून एक्सेल भरतेय. टाकीत किंवा इंजिनरूममध्ये जाते म्हटलं की सुपरवायझर म्हणतात, तू कशाला त्या घाणीत, बस इथे पंख्याखाली. आणि जे काम चालतं ते तरी काय? गंज खरवडणं, रंग मारणं, पाइप बदलणं. याला इंजिनियर कशाला लागतो? वर्गातली मैत्रीण हिंजवडीला माझ्या दुप्पट कमावते. बाबा एसटीत कंडक्टर आहेत, गावात सगळ्यांना सांगतात, पोरगी नेव्हीत आहे. मला लाज वाटते. मी नेव्हीत नाही आणि इंजिनियरचं कामही करत नाही. गेल्या महिन्यात सी-वॉटर लाइनच्या बारा व्हॉल्व्हचे टेस्ट रिपोर्ट माझ्यापुढे ठेवले. टेस्ट झालीय, सही तेवढी कर, म्हणाले. मी केली. टेस्ट मी पाहिली नव्हती. दोन आठवड्यांनी जहाज गोदीतून पाण्यात जाणार आहे. नोकरी सोडू का? सोडली तर कुठे जाऊ?’

तुला ‘तू’च म्हणतो, माझ्या मुलीपेक्षाही लहान आहेस.

तुझ्या मूळ पत्रात जहाजाचं नाव होतं, गोदी कोणती तेही होतं आणि जहाज बाहेर पडायची तारीखही होती. ते सगळं मी गाळलं आहे. यात तुला ओरडावं असं काही नाही, आठ महिन्यांत हे कोणी नीट सांगितलंच नसेल. पण युद्धनौका कुठे उभी आहे, तिचं काय उघडलेलं आहे आणि ती कधी हलणार, ही माहिती तुझी नाही, कंपनीचीही नाही. १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्ट आजही लागू आहे आणि तो गणवेशातल्या लोकांपुरता नाही. लिंक्डइनवर ‘अमुक जहाजाच्या रिफिटवर काम केलं’ असं लिहिलं असशील तर आजच काढ. ‘जहाजांच्या सी-वॉटर सिस्टिम्सची दुरुस्ती व चाचणी’ एवढं लिहिलं तरी नोकरी देणाऱ्याला कळतं. आणि तिथून कोणी फार गोडीने कामाची चौकशी करायला लागलं तर उत्तर देऊ नकोस, वरिष्ठांना सांग.

तू विचारलंस नोकरी सोडू का. त्याचं उत्तर देईन, पण त्याला घाई नाही. बारा व्हॉल्व्हना आहे, तुझ्याकडे दोनच आठवडे आहेत.

त्या सहीचा अर्थ काय होता, ते तुझ्याच पुस्तकातून बघू. समज, त्यातला एक व्हॉल्व्ह १०० मिलिमीटरचा आहे आणि पाण्याच्या पातळीखाली ४ मीटरवर बसलेला आहे. तो घट्ट बंद झाला नाही आणि त्याच्या आतली लाइन उघडी राहिली, तर किती पाणी आत येईल? दुसऱ्या वर्षाचं फ्लुइड मेकॅनिक्स काढ. दोन गुणिले जी (गुरुत्वाचा प्रवेग) गुणिले एच (खोली), त्याचं वर्गमूळ. वेग सेकंदाला जवळपास ९ मीटर येतो. भोकाचं क्षेत्रफळ घे, डिस्चार्ज कोएफिशियंट ०.६ धर. सेकंदाला ४० लिटरच्या वर पाणी. तासाला सुमारे १५० टन. तेही एका व्हॉल्व्हमधून. हे गणित तू पेपरात सोडवलं असणार. तिथे उत्तराखाली दोन रेघा मारल्या की संपतं. इथे त्या उत्तराच्या पलीकडच्या कंपार्टमेंटमध्ये माणसं झोपलेली असतात.

आता दुसरी बाजू. टेस्ट झालीच नव्हती, असं तू लिहिलेलं नाहीस. तू पाहिली नाहीस, एवढंच लिहिलं आहेस. कदाचित टेस्ट उत्तम झाली असेल. चांगला मिस्त्री व्हॉल्व्ह कसा तयार करतो, ते मी असंख्य वेळा पाहिलंय. सीट म्हणजे व्हॉल्व्हच्या आतली बैठक आणि डिस्क म्हणजे तिच्यावर बसणारी चकती, दोन्ही पेस्ट लावून घासायची, पुसायची, मग डिस्कच्या कडेला मार्किंग ब्लूचा पातळ हात फिरवायचा. डिस्क सीटवर हलक्या हाताने टेकवायची, जराशी फिरवायची, उचलायची. सीटवर निळं कडं उमटतं. ते बांगडीसारखं अखंड हवं. नखाएवढी जागा जरी कोरी राहिली तरी तो माणूस काही न बोलता पुन्हा पेस्ट घेतो. मग हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी : एका तोंडाला ब्लँक, म्हणजे बंद झाकण, हातपंपाने दाब चढवायचा, बॉडीला साधारण कामाच्या दाबाच्या दीडपट. बाहेरून व्हॉल्व्ह फडक्याने कोरडा करायचा आणि टॉर्च घेऊन बघत राहायचं. गेजचा काटा ठरलेला वेळ जागचा हलता कामा नये. हे करणारे हात प्रामाणिक असतील तर तुझे बाराही व्हॉल्व्ह ठीक असतील. पण हे तुला माहीत नाही, आणि कागद म्हणतो की तुला माहीत आहे. तुझी झोप उडाली ती याच फरकामुळे.

तेव्हा सोमवारी असं कर. आधी त्या मिस्त्रींकडे जा, सुपरवायझरकडे नंतर. त्यांना विचार, ‘दादा, त्या बारा व्हॉल्व्हची टेस्ट तुम्ही केली का? गेज कोणता वापरला? बघायला कोण उभं होतं?’ आवाजात आरोप नको, तुला खरंच जाणून घ्यायचंय म्हणून विचार. गेजला कॅलिब्रेशनचा स्टिकर आहे का आणि त्यावरची तारीख उलटून गेली आहे का, ते बघ. मग सुपरवायझरकडे जा आणि सरळ सांग : ‘सर, या रिपोर्टवर मी टेस्ट न बघता सही केली. माझी चूक झाली. जहाज गोदीत आहे तोवर हे व्हॉल्व्ह माझ्यासमोर पुन्हा टेस्ट करून घेऊ या.’ तोंडी सांगून झालं की त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाक, कंपनीच्याच मेलवरून. ‘आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे’ अशी सुरुवात कर. भाषा साधी ठेव, कोणावर बोट नको.

ते चिडतील. शेड्यूल, ओव्हरटाइम, गोदीचं भाडं सगळं निघेल. तेव्हा हे लक्षात ठेव : जहाज ब्लॉकवर, म्हणजे गोदीतल्या ठोकळ्यांवर, कोरडं उभं असताना बारा व्हॉल्व्ह पुन्हा टेस्ट करणं हे दोन-तीन दिवसांचं काम आहे. जहाज तरंगायला लागल्यावर तोच व्हॉल्व्ह उघडायचा तर डायव्हर पाण्याखाली उतरवून बाहेरून ब्लँक लावावा लागतो, नाहीतर जहाज परत गोदीत घ्यावं लागतं. हा हिशेब तुझ्या सुपरवायझरला तुझ्याहून चांगला ठाऊक आहे, त्याच भाषेत बोल. त्यांनी तरीही उडवून लावलं, तर कंपनीच्या क्वालिटी विभागाकडे जा. तिथेही कोणी ऐकलं नाही, तर नौदलाच्या बाजूने काम तपासणारे लोक आहेत आणि जहाजाचा स्वतःचा इंजिनियरिंग स्टाफ आहे. ते त्याच जहाजावर समुद्रात जाणार आहेत, त्यांना हे ऐकण्याचा हक्क आहे.

याने तुझ्या नोकरीवर गदा येईल का? येऊ शकते. ट्रेनी आहेस, कन्फर्मेशन लांबवतील, टोमणे मारतील. हे मी लपवत नाही. पण व्हॉल्व्ह गळाला तर सर्वांत आधी तो कागद काढतात, आणि त्यावर सुपरवायझरचं नाव नाही, तुझं आहे.

गोदीत पाणी सोडण्याची वेळ किती नाजूक असते, हे बाहेरच्या माणसाला सांगूनही कळत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईत आयएनएस बेतवा ही युद्धनौका गोदीतून बाहेर काढतानाच एका कुशीवर कलंडली आणि दोन नौसैनिक गेले. पाणी कधी एका दमात सोडत नाहीत. जहाज ब्लॉकवरून उचललं जाण्याआधी पाणी थांबवतात आणि तळाच्या प्रत्येक व्हॉल्व्हपाशी एकेक माणूस टॉर्च घेऊन उभा असतो. मी काम करत होतो त्या यार्डात एकदा पहाटे तीनच्या सुमाराला मी असा उभा होतो. वर कुठेतरी पंपाची घरघर, खाली फक्त माझा श्वास. फ्लँजच्या, म्हणजे पाइप जोडणाऱ्या कड्याच्या, खालच्या बोल्टपाशी एक थेंब जमला. पुसला. पुन्हा जमला. मी वर ओरडलो, पाणी थांबलं. जॉइंट तिरका बसला होता, त्याच्या रिपोर्टवर ‘समाधानकारक’ असा शेरा होता आणि शेऱ्याखाली माझी सही होती. त्या दिवशी मला कोणी रागावलं नाही. पण त्यानंतर नोकरीतून निवृत्त होईपर्यंत डोळ्यांनी न बघता मी कुठेही सही केली नाही.

आता तुझ्या त्या वाक्याकडे येतो. गंज खरवडायला इंजिनियर कशाला?

खरवडायला नाहीच लागत. खरवडून झाल्यावर लागतो. प्लेट उघडी पडली की अल्ट्रासॉनिक गेजने जाडी मोजतात. मूळ प्लेट ८ मिलिमीटरची. एका जागी ७.४ येते, हातभर अंतरावर ५.९. ही प्लेट ठेवायची की कापून नवी घालायची? किती झिजेपर्यंत चालवून घ्यायची त्याची मर्यादा स्पेसिफिकेशनमध्ये असते, पण कागद तिथे संपतो. झीज सरसकट आहे की खड्ड्याखड्ड्यांची? ही जागा बाथरूमच्या किंवा गॅलीच्या, म्हणजे स्वयंपाकघराच्या, खाली तर येत नाही ना, जिथे वरून सतत ओल झिरपते? तसं असेल तर नुसती प्लेट बदलून भागणार नाही, वरची गळती बंद केली नाही तर पुढच्या रिफिटला पुन्हा तीच प्लेट कापावी लागेल. प्लेटच्या मागची फ्रेम शाबूत आहे का? प्लेट कापायची तर पलीकडे केबल आहेत का, इंधनाची टाकी आहे का? वेल्डिंगची आग पलीकडे कोण बघणार? एका ५.९ पाठोपाठ एवढे प्रश्न येतात. त्यांची उत्तरं द्यायला माणूस टाकीत उतरलेला असावा लागतो. ऑफिसात एक्सेलच्या चौकटीत तोच ५.९ नुसता आकडा असतो, तुला तिथे इंजिनियरिंग दिसलं नाही ते म्हणूनच.

किंवा शाफ्टचं घे. प्रॉपेलर शाफ्टचं अलाइनमेंट गोदीत कितीही बिनचूक केलं तरी जहाज तरंगल्यावर पुन्हा तपासतात. ब्लॉकवर उभं जहाज आणि पाण्यावरचं जहाज यांचा आकार तंतोतंत एक नसतो. डेकवर ऊन पडलं की लोखंड वरून ताणतं आणि रीडिंग बदलतं, म्हणून ती मापं रात्री किंवा उजाडायच्या आत घ्यायची. शंभराहून जास्त मीटर लांबीचं लोखंड उन्हाने वाकतं आणि ते डायल गेजच्या काट्यावर दिसतं. हे एकदा स्वतः बघ, मग मला सांग याला इंजिनियर लागतो की नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे की, हे काम तुला आवडलं नाही असं अजून म्हणता येत नाही, कारण ते तुला बघूच दिलेलं नाही. ‘तू कशाला त्या घाणीत’ हे वाक्य वरवर काळजीचं वाटतं. बोलणाऱ्याच्या मनातही बहुतेक काळजीच असेल. पण त्याने तू टाकीबाहेर राहिलीस, टाकीबाहेर राहिलीस म्हणून तुझ्या वाट्याला कागद आले, आणि कागद आले म्हणून न पाहिलेल्या व्हॉल्व्हवर सही झाली. ही सगळी एकच साखळी आहे.

हे मी इतक्या ठामपणे म्हणतोय, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. वीसेक वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली एक मुलगी ट्रेनी म्हणून आली. हुशार, ड्रॉइंग वाचायला माझ्याहून तरबेज. मी तिला ड्रॉइंग ऑफिसात बसवलं आणि मनात म्हटलं, बघा, किती सांभाळून घेतो मी पोरीला. दीड वर्षाने तिने राजीनामा दिला. जाताना म्हणाली, ‘सर, मला जहाज आतून बघायचं होतं.’ मला त्याचं आजही वाईट वाटतं. म्हणून तुझ्या सुपरवायझरलाही सांगावंसं वाटतं, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येक यार्डातल्या सुपरवायझरला : पोरगी काय, पोरगा काय, ट्रेनीला घाणीत न्या. सांभाळून न्या, पण न्या.

तू मात्र त्यांची वाट बघत बसू नकोस. ‘मला जास्त एक्सपोजर द्या’ असं मोघम मागितलंस तर काहीच मिळणार नाही. नेमकं माग : ‘उद्या पाच नंबरच्या टाकीचं गेजिंग आहे, मी मिस्त्रींबरोबर जाते, दुपारी येऊन रिपोर्ट भरते.’ एक्सेल कोण भरणार, हा त्यांचा प्रश्न त्यातच सुटतो. बॉयलर सूट तुझ्या मापाचा मागून घे. पुरुषांच्या मापाचा ढगळ सूट शिडीत अडकतो, तो धोका आहे, नखरा नव्हे. बुटांचंही तसंच. बायकांचं टॉयलेट गोदीपासून अर्धा किलोमीटर लांब असेल तर तेही लाज न बाळगता लेखी सांग, पाणी न पिता दिवस काढू नकोस. आणि काळजीच्या नावाखाली कोणी वेगळंच काही बोलत असेल किंवा वागत असेल, तर दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कंपनीत कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती असावीच लागते. तिथे जायला कोणाची परवानगी लागत नाही.

टाकीत जायचं म्हणजे धाडस दाखवायचं, असा अर्थ मात्र काढू नकोस. बंद टाकीतला गंज हवेतला ऑक्सिजन खातो. टाकी रिकामी, कोरडी, वास नाही, काही नाही, आणि आत उतरलेला माणूस दोन श्वासांत खाली कोसळतो. त्याला काढायला धावलेला दुसराही कोसळतो. त्या दिवसाचं गॅस-फ्री सर्टिफिकेट, म्हणजे आतली हवा सुरक्षित असल्याचा दाखला, स्वतः वाच, मीटरवर ताज्या हवेइतका, २०.९ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन दिसला पाहिजे, तोंडाशी माणूस उभा पाहिजे. यातलं एक जरी कमी असेल तर मॅनेजर म्हणाला तरी उतरायचं नाही. इथे ‘नाही’ म्हणायला ट्रेनीलाही पूर्ण अधिकार आहे.

फिटर ऐकत नाहीत, हे तू लिहिलं नाहीस, पण इतर बऱ्याच पोरांची पत्रं तशी येतात, म्हणून इथेच सांगतो. मुंबईच्या गोद्यांत कोकणातले कितीतरी मिस्त्री असे आहेत, ज्यांचे वडीलही गोदीतच होते. त्यांना पदवीचं कौतुकही नसतं आणि रागही नसतो. ‘काय चाललंय?’ विचारलंस तर ‘काम’ एवढंच उत्तर येईल. ‘दाखवाल का?’ म्हणालीस तर हातातलं काम थांबवून दाखवतील. आणि एखादी सिस्टिम हाताने पकडून शिक. फायर मेनपासून, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या मुख्य लाइनपासून, सुरुवात कर : पंपापासून निघ, प्रत्येक व्हॉल्व्हवर हात ठेव, बल्कहेडच्या, म्हणजे जहाजातल्या भिंतीच्या, पलीकडे पाइप कुठे निघतो ते शोध, शेवटच्या हायड्रंटपर्यंत जा. मग ड्रॉइंग बघ. ड्रॉइंग आणि जहाज दोन-चार ठिकाणी जुळणार नाहीत, आणि तिथेच तुझं शिक्षण होईल. वही ठेव, पण ती यार्डातच राहू दे.

आता नोकरी. माझं मत विचारशील तर आज सोडू नकोस. एक जहाज शेवटपर्यंत बघ : उघडलेलं, बसवलेलं, पाण्यात उतरलेलं, हार्बर ट्रायल आणि मग सी ट्रायल. सी ट्रायलला कंत्राटदाराच्या ट्रेनीला नेतीलच असं नाही, तरी माग. त्यानंतरही मन रमलं नाही तर खुशाल जा, तेव्हा तुला कळलेलं असेल की काय सोडून चाललीस. एकच अट : बारा व्हॉल्व्हच्या बाबतीत सगळीकडे जाऊनही कोणी ऐकलं नाही, आणि पुन्हा तसाच कागद पुढे आला, तर नवी नोकरी हातात नसली तरी त्या जागी राहू नकोस.

पुढचे रस्ते बरेच आहेत, आणि आठ महिन्यांचा गोदीचा अनुभव त्यातल्या एकातही वाया जात नाही. गेटची प्रवेश परीक्षा देऊन खरगपूर किंवा मद्रास आयआयटीत नौका-स्थापत्याकडे जाता येईल. बाबांचं वाक्य खरं करायचं असेल तर एसएसबी, म्हणजे सैन्यदलातल्या अधिकाऱ्यांच्या निवडीची मुलाखत, दे. नौदलाच्या इंजिनियरिंग शाखेचं प्रशिक्षण लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नौदलाच्या केंद्रात होतं, वयोमर्यादा मात्र आधी बघून घे. मर्चंट नेव्हीत जायचं तर मेकॅनिकलच्या पदवीधरांसाठी एक वर्षाचा ग्रॅज्युएट मरीन इंजिनियरिंग कोर्स आहे. पवईला जहाजांची तपासणी करणारी इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग ही संस्था आहे, सर्व्हेअरच्या कामात न बघता सही न करण्याचेच पैसे मिळतात. आत्ता लगेच काही करायचं तर एनडीटी, म्हणजे धातू न तोडता तपासण्याच्या कामाचं, लेव्हल टू कर, त्या कागदाला कुठल्याही यार्डात किंमत आहे. हिंजवडीच्या मैत्रिणीचा पगार दुप्पट आहे, हे खरं, आणि २१ हजारांत मुंबईत राहणं सोपं नाही, हेही खरं. पैशाची निकड घरात खरोखर असेल तर ती कमी लेखू नकोस, तसं स्पष्ट कळव, मग मी वेगळा विचार करीन. नुसती तुलना असेल तर तिला दोन वर्षं दे.

राहिले बाबा. त्यांना लाजू नकोस, त्यांना सांगायला काहीतरी दे. त्यांना ‘विराट’ ही विमानवाहू नौका ठाऊक असेल. ती १९५९ मध्ये ब्रिटिश नौदलात ‘हर्मिस’ म्हणून दाखल झाली, १९८७ मध्ये आपल्याकडे आली आणि २०१७ पर्यंत चालली. ५७ वर्षांहून जास्त. ती गोदीतल्या लोकांनी चालवली, ज्यांच्या अंगावर गणवेश नव्हता. एसटीतल्या माणसाला डेपोतल्या मेकॅनिकची किंमत समजावून सांगावी लागत नाही. घाटात ब्रेक कोणाच्या भरवशावर दाबला जातो, ते त्यांनी तुझ्या वयाहून जास्त वर्षं पाहिलंय. गावी जाशील तेव्हा त्यांना त्या निळ्या कड्याबद्दल सांग.

आणि बारा व्हॉल्व्हचं काय झालं ते मला कळव. जहाजाचं नाव न लिहिता.